जोतीरामचा खुबा

१९९५ सालची गोष्ट. नेरूळच्या एका ट्रस्टच्या इस्पितळात गीतांजली हाडांच्या विभागात शिकाऊ डॉक्टर म्हणून लागली, तेव्हा त्या विभागात बाई म्हणून ती एकटीच होती.

विभागप्रमुख जयप्रकाश सरांनी पहिल्याच दिवशी कपाटातून कमरेचं हाड काढून तिच्या हातात दिलं. पुरुषाचं की बाईचं, एवढंच विचारलं. तिने समोरच्या कमानीत अंगठा आणि तर्जनी ताणून धरली. दोन्ही बोटं कडांना नेमकी टेकली. पुरुषाची कमान अरुंद असते, तर्जनी आणि मधलं बोट फाकवलं की भरते.

"बाईचं," ती म्हणाली.

सर हसले नाहीत. हाड परत ठेवताना म्हणाले, "खुब्याचा एक पेशंट स्वतः शोधून आण. ऑपरेशन तुझ्या हातून करून घेईन."

तिच्याबरोबरच्या सुधीरला ते खुपलं. खुबा म्हणजे हातोडीचं काम, पोळपाट-लाटण्याचं नव्हे, असं तो टपरीवर सगळ्यांदेखत बोलला. सगळे हसले. गीतांजलीने चहा संपवला आणि ती वॉर्डात गेली. पण तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना. तो एक खुबा मिळाला तर ती इथे टिकणार होती, नाहीतर आयुष्यभर प्लास्टरच्या पट्ट्या भिजवायच्या होत्या.

राहायला जुईनगरला एक खोली होती. इमारत नवी, निम्म्या फ्लॅटना कुलपं. संध्याकाळी गॅलरीत उभं राहिलं की समोर एखाददुसरा दिवा. आईवडील चिपळूणला. रविवारी एसटीडी बूथच्या रांगेत उभं राहायचं आणि नंबर लागला की "बरी आहे" म्हणून फोन ठेवायचा. बाकी आठवडाभर तिच्याशी बोलायचे ते पेशंटच.

त्यांतला एक जोतीराम. साठीचा, मूळचा माणदेशातला, कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करून वाकलेला. दर मंगळवारी काठी टेकत, उजवीकडे झुकत यायचा आणि सगळी गर्दी सरल्यावर आत शिरायचा. जवळ एक एक्स-रेची फिल्म, धुवट लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली. फिल्मचा नावाचा कोपरा तेवढा नव्हता. उंदरानं नेला, असं तो म्हणाला.

पहिल्यांदा ती फिल्म दिव्यावर लावली तेव्हा गीतांजली दिव्याच्या अगदी जवळ सरकली. उजव्या खुब्याचा गोळा झिजून पार चपटा झाला होता, वाटी खडबडीत. ती ज्याला शोधत होती तो पेशंट आपल्या पायांनी दारात आला होता.

दुखणं तो असं सांगायचा की ऐकत राहावं.

"आदी नुसता गुडगाच दुकायचा. तेल चोळलं, बिब्बा घातला, वरसं गेली त्यात. मग चुलीम्होरनं उठताना भितीला धरावं लागाय लागलं. कमरंवर कळशी घेतली की डोळ्याला पानी."

खुबा बिघडतो आणि गुडघा ओरडतो, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. समजलं ते जोतीरामकडून.

तपासायला मात्र तो नाखूश असायचा. टेबलावर पडला की पाय ताठ करायचा. बाईमाणसानं अंगाला हात लावायचा म्हणजे काय, असं पुटपुटायचा. गीतांजलीलाही संकोच वाटायचा. तिने धोतरावरूनच पाय जरा हलवून पाहिला, तो कळवळला, तिने सोडून दिला. सरांनी जाता जाता फिल्मकडे नजर टाकली. असला गोळा मीही कधी पाहिला नाही, म्हणाले, आणि ऑपरेशनचा दिवस ठरवून टाकला. नवी फिल्म भरती झाल्यावर काढायची होती.

त्या मंगळवारी जोतीरामने तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणली. स्वतः कुटलेली, मीठ जास्त पडलेली. वॉर्डात सोबतीला कोण राहील, असं तिने विचारलं.

"बाळाबाई असती तर ऱ्हायली असती," तो म्हणाला. "मालकीन माजी. शिमग्याला वारली."

मग काठीची मूठ चोळू लागला.

"डाक्टरीणबाय, येक इचारू? येळंवर हितं आनलं असतं, तर?"

गीतांजली तेव्हा तरुण होती. खरं ते सांगावं, एवढंच तिला ठाऊक होतं.

"तर इतकी वर्षं दुखलंच नसतं. गुडघ्याला काही झालंच नव्हतं, बाबा. उगाच तेल चोळत बसलात."

जोतीरामने मान हलवली. फडक्याची नीट घडी करून खिशात ठेवली.

"फिल्म ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. शिकाय हुईल."

तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं, काठी खुर्चीपाशीच राहिली होती. ती घेऊन फाटकापर्यंत धावली, तोवर तो रस्ता ओलांडून दिसेनासा झाला होता.

ऑपरेशनच्या दिवशी तो आलाच नाही. पेशंटसुद्धा तुला घाबरला, असं सुधीर म्हणाला. गीतांजली कळंबोलीला जाऊन आली. जोतीराम खोली सोडून गावाकडे गेल्याचं हमालांनी सांगितलं. चटणी तिने आठवडाभर पावाबरोबर खाल्ली.

पुढे सुधीर दुबईला गेला. जयप्रकाश सर निवृत्त होऊन नाशिकला द्राक्षं लावत बसले, पण जाण्याआधी खुब्याची सगळी ऑपरेशनं गीतांजलीवर सोपवून गेले. जोतीराम गावी वारला, हे एका हमालाचा पाय जोडताना तिला कळलं. जुईनगरची ती इमारत खिडकीखिडकीतून उजळली. गीतांजली अजून तिथेच राहते, शेजाऱ्यांची नावं तिला ठाऊक नाहीत.

ती फिल्म मात्र दर वर्षी नव्या मुलांसमोर दिव्यावर लागायची. हा जोतीराम, ती सांगायची, माझा पहिला पेशंट, ऑपरेशनला भिऊन पळाला. मुलं वाकून तो चपटा गोळा बघायची.

एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून पुढे आली. गोळ्याकडे तिने पाहिलंच नाही. अंगठा आणि तर्जनी ताणून तिने फिल्मवरच्या कमानीत धरली. दोन्ही बोटं कडांना नेमकी टेकली.

"मॅडम," तिने विचारलं, "ह्या बाई कोण होत्या?"