गच्चीवरचा तंबू

एप्रिलच्या सुट्टीत चोर्ला घाटाखालच्या दरीत, ओढ्याकाठी, दोन दिवस तंबूत राहायचं ठरलं. तंबू भाड्याचा, म्हणून माझ्या भावानं, सौरवनं, तो आधी सीमाभागातल्या कंग्राळीत आमच्या घराच्या गच्चीवर लावून बघितला. आई सांडग्यांचं पातेलं घेऊन जिन्यातच उभी होती, तंबूनं जागा अडवली, ऊन फुकट चाललंय म्हणून कुरकुरत.

"सौम्या, आत लई गार हाय गं," सौरव तंबूतून म्हणाला. "वढ्याचा आवाज बी येतोय."

"शेजारची टाकी भरत आसंल."

त्यानं पाय बाहेर काढून दाखवला. भर उन्हाळ्यात पोटरीला जळू चिकटली होती. घरातलं मीठ सांडग्यांत संपलेलं, म्हणून मी ते आणायला दुकानात गेले.

अर्ध्या तासानं वर आले तर गच्चीभर सांडगे. तंबू घडी होऊन पिशवीत गेलेला.

"आई, सौरव कुठाय?"

"आत कोण न्हवतं. हाक मारली, तर लई लांबनं 'आलो, आलो' म्हनला. मी किती थांबू? ऊन चाललंतं माझं."

मी त्याला फोन लावला. तो रेंजच्या बाहेर असल्याचं एका बाईनं शांतपणे कन्नडात सांगितलं.

पिशवीच्या तळातून पाण्याची बारीक धार सुटली होती.

"ती पिशवी तिकडं सरकव गं," आई म्हणाली. "सांडगं भिजतील."