चॅनेल बदलताना

वृद्धाश्रमाच्या छताला लावलेल्या वायफायच्या डब्याचं चॅनेल बदलण्याआधी तंत्रज्ञ ऋजुताने पुन्हा विचारलं, "पाठारे काका, करू ना?"

शेजारच्या नव्या इमारतीने तेच चॅनेल वापरायला घेतल्यापासून इथले बावीस जण बोलता बोलता अडखळत होते. त्यांच्या डोक्यातल्या चिपना आठवणी याच डब्यातून मिळायच्या. बदलाला दहा सेकंद लागणार होते आणि तेवढा वेळ आठवणी बंद राहणार होत्या.

"हिला सगळं परत आठवेल ना?" काकांनी बायकोचा हात घट्ट धरला.

"आठवेल," ऋजुता म्हणाली. तिने बटण दाबलं.

वसुमतीबाईंनी हात सोडवून घेतला. "आपण कोण?"

दहा सेकंद सरले. एकेक करत सगळे भानावर आले. वसुमतीबाई मात्र परक्या नजरेनेच बघत राहिल्या. ऋजुताने सिग्नल वाढवला, त्यांची चिप दोनदा नव्याने जोडली. काहीच फरक पडला नाही.

"काका, जुनं चॅनेल परत लावून बघू?"

"नको. बाकीच्यांचे हाल होतील." काका बायकोकडे वळले. "नमस्कार. मी श्रीधर पाठारे. इथे बसू का जरा?"

वसुमतीबाईंनी पदर सावरला आणि कॉटवर थोडं सरकून त्यांना जागा करून दिली.