अठरा मिलिमीटर

द्राक्षाचा मणी रिंगमध्ये अडकला तर नाहीच, सरळ आरपार गवतात पडला. निवृत्तीअण्णांनी दुसरा घड पाहिला, तिसरा पाहिला. सगळीकडे तेच: वाटाण्याएवढे मणी आणि चव आंबटढाण.

निफाडला तीस वर्षं ते परदेशी जाणारी द्राक्षं पिकवत आले होते. मण्याचा आकार मोजायची ती अठरा मिलिमीटरची रिंग कायम खिशात. आता लेकीकडे इंग्लंडला आले, तर तिच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या बागेची ही दशा! अण्णांना राहवेना. त्यांनी शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“सांग गं त्यांना, धीर सोडू नका म्हणावं. अवकाळीच्या साली आमचीही बाग अशीच हातची गेली होती.”

लेकीने हसू दाबत सांगितलं. शेजारी मात्र खदखदून हसला आणि याच वेलींच्या गेल्या वर्षीच्या वाइनचा ग्लास त्याने अण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी काढा घ्यावा तसा घोट घेतला. मग दुसरा घेतला, डोळे मिटून.

“कशी आहे, अण्णा?”

अण्णांनी रिंग खिशात टाकली आणि मिशा पुसल्या.

“विचार त्यांना, आमच्या बांधावर लावायला एखादी काडी देतील का?”