वांग्याचा रोडगा

महादेवरावांनी गोणपाटाची दोन टोकं धरली, लीलाबाईंनी दोन धरली, आणि नवराबायकोने आतले रोडगे असे काही उडवले की राखेचा धुरळा उठला. रोडगे स्वच्छ निघाले. तेवढ्यात त्यांची मुलगी मोहिनी धावत आली आणि जागच्या जागी थांबली.

"बाबा, दोन्ही ढिगातले एकाच गोणपाटात टाकले काय?"

वडनेरात रोडगा म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेला कणकेचा गोळा. वांग्याच्या भाजीशी कुस्करून खायचा. महादेवरावांच्या घरी भाजी आतच भरतात, आणि पाहुणा मानाचा असला तर खिमा. आज दोन्ही होतं, कारण मोहिनीला बघायला पुलगावचे पाहुणे शेतावर आले होते. मुलाचे वडील दौलतराव यांनी फोनवर खिम्याचे रोडगे हक्काने मागून घेतले होते. पण मुलाच्या आईच्या, पंचफुलाबाईंच्या गळ्यात बारा वर्षांची तुळशीची माळ. म्हणून विस्तव दोन, मध्ये चांगलं दहा पावलांचं अंतर. सारणं मोहिनीनेच केली आणि मध्ये दोनदा हात धुतले. सगळं नीट झालं. फक्त भाजलेले रोडगे गोणपाटात घालून झटकायची महादेवरावांची तीस वर्षांची सवय. आज गोणपाटंही दोन लागतील, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आता वीस रोडगे समोर होते. सगळे गोल, सगळे एकाच रंगाचे.

"फोडून पाहू," लीलाबाई हळूच म्हणाल्या.

"अन् फोडलेला रोडगा पाहुण्याच्या ताटात वाढू? डोकं ठिकाणावर हाय काय तुयं?"

मोहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. दौलतरावांचा मुलगा स्वप्निल तिला आवडला होता. अगदी मनापासून आवडला होता. पण आल्या आल्या दौलतराव सांगून बसले होते, "आमच्या घरी शब्द हिचा. हिचं मन बसलं तं सुपारी आजच फोडू." आणि जिचं मन बसायला हवं, तिच्याच ताटात खिमा पडायची वेळ आली होती.

लिंबाच्या झाडाखाली चटईवर बसलेल्या पंचफुलाबाई उठून आल्या. महादेवरावांनी लपवाछपवी केली नाही. हात जोडून सगळं सांगितलं. "चूक झाली, बाई. तुमच्यासाठी पोरगी आत्ता भाकर टाकते."

दौलतरावांनी हातातला पाण्याचा गिलास खाली ठेवला. पंचफुलाबाईंनी एकदा महादेवरावांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं, एकदा मोहिनीच्या राख लागलेल्या, रडवेल्या तोंडाकडे पाहिलं.

"भाकर काऊन? रोडगे खाले आलो आमी. वासावरून समजते मले."

त्यांनी एक रोडगा उचलला, हुंगला, ठेवला. दुसरा ठेवला. तिसरा घेऊन सरळ चटईवर जाऊन बसल्या. ताट मांडीवर घेतलं, पदर पुढे ओढला, रोडगा फोडून कुस्करला आणि वर तुपाची वाटी उपडी केली. पहिला घास घेण्याआधी त्यांचा हात क्षणभर माळेकडे गेला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

पंचफुलाबाईंनी घास चावला, गिळला.

"वांग्याचा हाय. मस्त झाला. बसा ना आता सारे, का पाटावर रांगोळी पाह्यजे तुमाले?"

मग काय, जेवणाला रंग चढला. दौलतरावांनी चार रोडगे हाणले आणि पाचव्याकडे नुसतं पाहून उसासा टाकला. स्वप्निलने लाजत लाजत तीन खाल्ले. महादेवराव बाईंच्या नाकाची एवढी तारीफ करत सुटले की लीलाबाईंना त्यांना गप्प करावं लागलं. पंचफुलाबाईंनी मात्र दुसरा रोडगा घेतला नाही. लाख आग्रह केला तरी, "पोट भरलं," एवढंच. ताट तेवढं बोटाने निपटून लख्ख केलं. दुपार कलायच्या आत सुपारी फुटली. लीलाबाई हसता हसता रडल्या आणि मोहिनीला हे सगळं खरंच झालं की नाही, तेच कळेना.

निघताना पंचफुलाबाईंनी मोहिनीला बाजूला घेतलं. तिच्या गालावरची राख आपल्या पदराने पुसली आणि कानाशी वाकून म्हणाल्या,

"खिम्यात मीठ जराकसं कमी व्हतं, पोरी. आमच्या घरी आल्यावर बराबर टाकजो."