पलीकडचा धूर

नदीचं पाणी जेमतेम गुडघाभर होतं. पलीकडे मेक्सिकोतलं वाळवंटी गाव दुपारच्या उन्हात तरंगत असल्यासारखं दिसत होतं. चुलीपुढे बसलेली एक बाई हातावर मक्याची भाकरी थापत होती आणि तो आवाज पाण्यावरून थेट आश्लेषापर्यंत पोचत होता. बाईने हसून खूण केली, जेवायला ये. दारात काढाव्यात तशा चपला काठावर काढून आश्लेषा पाण्यात शिरली.

“अगं, व्हिसाचा स्टॅम्प संपलाय आपला!” टेक्ससच्या काठावरून तिचा नवरा ऋषी ओरडला. “तिकडे गेलीस तर परत येता येणार नाही!”

ती भर पात्रात थांबली. धुराला भाजत्या भाकरीचा वास होता.

“सोलापूर सोडलं तेव्हा असं कुणीच ओरडलं नाही रे.”