मेमरीपुरत्या फायली

डिसेंबर १९९७. सकाळी सव्वादहाला राहुरीजवळच्या कॉलेजातला एकमेव संगणक पुन्हा गोठला. समोर विद्यार्थिनी जयमाला बसली होती. गेल्या महिन्यात लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडायचा तिचा कोड असाच कोसळला, तेव्हा डिस्कवरचे वर्गाचे प्रोजेक्ट पुसले गेले होते. पुन्हा तसं झालं तर तिला लॅब बंद, असं सरांनी बजावलं होतं. “बसला व्हय गं परत?” लॅबची किल्ली सांभाळणाऱ्या रंभाजीमामांनी विचारलं. या खेपेस तिने डिस्कला हात लावला नव्हता. संगणक बंद होताच पुसल्या जाणाऱ्या नुसत्या मेमरीत फायली ठेवायची छोटी व्यवस्था, फाइल सिस्टीम, उभारून चाचणी तिथेच घेतली होती. तिने संगणक बंद करून नव्याने सुरू केला. वर्गाचे प्रोजेक्ट जागच्या जागी होते. “आन् तुझ्या फायली?” “गेल्या, मामा. त्या जायलाच बनवल्या होत्या.” मामांनी हसत किल्ली खिळ्याला अडकवली. चूक सुधारल्यावर बारापर्यंत चाचणीच्या चाळीस फेऱ्या पार पडल्या. एक्केचाळिसावी चालू होती.