दोन किलोची शपथ

"दोन किलो तीनशे ऐंशी," मुलीने काट्यावरचा आकडा वाचला. "जमायचं नाही, बाबा."

टर्नरने तोंड वाकडं केलं. कारखाना सोडून सहा वर्षं झाली होती, तरी सगळी गल्ली त्याला टर्नरच म्हणायची. हर्नियाच्या ऑपरेशनला दीड महिना झाला होता. अजून तीन महिने दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं मुलीने घरी जाहीर केलं होतं. ती त्याच हॉस्पिटलात नर्स. घरी आल्यावर चौथ्याच दिवशी बापाला पाण्याची भरलेली बादली उचलताना तिने पकडलं होतं, तेव्हापासून स्वयंपाकघरातला वजनकाटा तिच्या ताब्यात होता. नदीवर गळ टाकायला जायचं तर सगळं सामान दोन किलोच्या आत, नाहीतर गुपचूप घरी बसा. आणि घरी बसून बसून टर्नर अर्धा झाला होता.

त्याची जुनी पेटी नऊ किलोची. स्वतः पत्रा कापून बनवलेली. ती माळ्यावर गेली. मग त्याने दुकानं पालथी घातली. माशांसाठी घेतलेला छोटा ताणकाटा खिशात ठेवायचा आणि दुकानदारासमोरच पिशवी त्याला अडकवायचा. कॅनव्हासची पिशवी रिकामीच बाराशे ग्रॅम भरली. पाठीवरच्या सॅकचे नुसते पट्टे आणि बकलंच तीनशे ग्रॅम खात होती. प्लॅस्टिकचा डबा हलका होता, पण तो एका हातात आणि काठी दुसऱ्या हातात धरायची म्हणजे नदीच्या पायऱ्या उतरताना कठड्याला हात मोकळा राहत नव्हता.

"मी लग्नाच्या साडीसाठी एवढी दुकानं फिरले नव्हते," बायको म्हणाली.

शेवटी उत्तर घरच्या कपाटातच निघालं. कारखान्यातला निळा एप्रन. सहा खिसे आणि वजन फक्त अडीचशे ग्रॅम. गळ खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत गेले, शिशाची वजनं छातीच्या खिशात, आमिषाचा डबा पोटावर. पाण्याची लहान बाटली, दोरीचं रीळ, घडीची काठी. तरीही तीनशे ऐंशी ग्रॅम जास्तच!

त्याने चाकू काढला. जाळी काढली. मग जड मनाने ताणकाटा काढून ठेवला.

"बरं केलंत," बायको म्हणाली. "बिचाऱ्याला तीस वर्षांत काम मिळालं नाही."

त्यात खोटं काही नव्हतं. टर्नरने आजवर घरी आणलेला सगळ्यात मोठा मासा पाव किलोचा होता, आणि तोही तिच्या मते काट्यापेक्षा डोळ्यांनाच जास्त भरला होता.

"एक किलो नऊशे ऐंशी," मुलगी म्हणाली. "आता माझी शपथ घ्या. दोन किलोच्या वर तिथे काही उचलायचं नाही. दगड नाही, बादली नाही, काही म्हणजे काही नाही."

"घेतली बाई."

माशाचा विचार कुणाच्या मनातही आला नाही. येणार तरी कसा?

सकाळी नऊला टर्नर बेचाळीस पायऱ्या उतरून काठावर पोचला. एक हात कठड्यावर, दुसऱ्यात काठी, अंगावर एप्रन. इतकं हलकं त्याला वर्षानुवर्षं वाटलं नव्हतं. उगीच ओझी वाहिली आपण, असंही वाटून गेलं. अकराच्या सुमारास दोरी ताणली गेली आणि काठी थेट पाण्याकडे वाकली.

त्याने ओढाताण केली नाही. दोरी सोडत गेला, गुंडाळत गेला. अर्ध्या तासाने मासा दमला आणि घोटाभर पाण्यात येऊन आडवा झाला. टर्नर बघतच राहिला. तीन वितींच्या वर होता. चौतीस वर्षं लेथवर लोखंडाचे तुकडे चढवणारा माणूस तो, नुसत्या नजरेने वजन सांगायचा. चार किलो. फार तर पन्नास ग्रॅम इकडे तिकडे.

आधी सामान वर ठेवून यावं, मग मासा न्यावा? पण चार ते चारच. बायकोचे गुडघे पायऱ्यांना दाद देत नव्हते आणि मुलगी दोनपर्यंत ड्यूटीवर. काठावर चिटपाखरू नव्हतं. उचलला असता तर कुणाला कळणार होतं?

पण शपथ तिची होती. ऑपरेशननंतर सात दिवस आपली ड्यूटी संपवून ती त्याच्याच खाटेशी बसून राहिली होती. टर्नरने पाण्यात गुडघे टेकले आणि हळूच गळ सोडवला. मासा क्षणभर तिथेच थांबला. मग गेला. टर्नरच्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी मुलीने एप्रन काट्यावर ठेवला. "एक किलो सहाशे! नेलं तेवढंही परत आणलं नाहीत."

"लागला होता," टर्नर म्हणाला. "चार किलोचा. सोडून दिला."

मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघी खो खो हसल्या.

"उद्यापर्यंत सहाचा होईल," बायको म्हणाली.

"हसा," टर्नर शांतपणे म्हणाला. "शपथ नसती तर आणून समोर ठेवला असता."

एप्रनची घडी करता करता मुलीचा हात थांबला. ओल्या कडेला एक खवला चिकटला होता, कोटाच्या बटणाएवढा. तिने तो नखाने सोडवून तळहातावर घेतला. तिचं हसू पार मावळलं.

"चार किलो? नक्की?"

"नक्की."

ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

"बाबा, डॉक्टर पाच म्हणाले होते. तुम्हाला पाच सांगितले तर तुम्ही दहा उचलाल, म्हणून मी दोन सांगितले."